लोणीचे कर्ते शेतकरी : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

उत्तर हिंदुस्थानातून मनमाडमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने आपल्या मंडळातील अनेक कुटुंबे सुटीत गावी जातात. मनमाड सोडून येवला मागे पडले, की कोपरगाव, पुणतांबे, बेलापूर अशी स्थानके एकामागून एक येऊ लागतात. दिवस हिवाळ्याचे असले तर रुळांच्या दोन्ही अंगांना उसाचे फड, तोडणीवाल्यांच्या कोप्या, मोळ्यांनी लादलेल्या बैलगाड्या आणि दूरवर धुराड्यातून निघणारा धूर दिसतो. मळीचा उग्र वास डब्यात शिरतो. परप्रांतात वाढलेली आपली मुले हा वास कसला म्हणून विचारतात, आणि आपण साखर कारखान्याचा एवढेच सांगून मोकळे होतो. तो कारखाना कोणाचा, तो कसा उभा राहिला, हे सांगण्यास आपल्याला वेळ नसतो. आणि खरे म्हणजे पुष्कळदा ते आपल्याला ठाऊकही नसते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ही उणीव थोडीफार भरून काढावी, असे आम्ही योजिले आहे.

यामागे एक घरगुती कारणही आहे. आमच्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी गाव सोडले ते हौसेने सोडले नाही. वाटण्यांनी तुकडे झालेली जमीन, लहरी पाऊस, सावकाराच्या वहीतले न फिटणारे आकडे आणि पीक हाती आले तरी बाजारात न मिळणारा भाव, या चौकडीपुढे हार खाऊन कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी सरकारी कचेरीत पोट भरण्यास आले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव राहिले, शेत मात्र हातचे गेले. त्याच चौकडीशी गाव न सोडता झुंजून एका अल्पशिक्षित शेतकऱ्याने काय करून दाखविले, हे पाहणे म्हणूनच आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. त्या शेतकऱ्याचे नाव विठ्ठलराव विखे पाटील.

अहमदनगर जिल्हा, ज्यास 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात, हा सह्याद्रीच्या पाऊसछायेतला मुलूख आहे. अकोल्याच्या डोंगरात पावसाळ्यात धो धो कोसळणारे ढग पूर्वेकडे येईपर्यंत रिते होतात, आणि लोणी, राहुरी, राहाता या पट्ट्यात वर्षाकाठी जेमतेम वीस-बावीस इंच पाऊस पडतो. तोही वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन मोठ्या दुष्काळांनी दख्खनचे कंबरडे मोडले. शतक पालटण्याच्या याच सुमारास लोणी बुद्रुक या गावी एका शेतकरी कुटुंबात, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, विठ्ठलरावांचा जन्म झाला. शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. पुढची शाळा म्हणजे शेत, मोट, गावची चावडी आणि आठवड्याचा बाजार. धोतर, अंगरखा आणि फेटा हा वेष आणि गावाकडची साधी बोली त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

या मुलखातील शेतकऱ्याचे पहिले दुखणे कर्जाचे होते. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांत शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. सावकाराच्या घरातून कागद काढून त्यांची होळी करणे हाच बहुतेक ठिकाणी दंग्याचा हेतू होता. त्यानंतर 1879 साली शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि पतपेढी गावात असणे, यात फार अंतर असते. विठ्ठलरावांनी ते अंतर लोणीपुरते 1923 साली कापले. ऐन पंचविशीच्या आसपासच्या या तरुणाने गावात सहकारी पतपेढी काढली.

पतपेढी म्हणजे आज आपल्याला फार साधी गोष्ट वाटते. परंतु त्या काळी ती उभी करण्यासाठी गावकऱ्यांना एकमेकांसाठी जामीन राहावे लागे. एकाने कर्ज बुडविले तर त्याचा बोजा साऱ्यांवर येणार, हे समजून उमजून सही अथवा अंगठा करावयाचा होता. भाऊबंदकीने पोखरलेल्या खेड्यात हे धाडस लहान नव्हते. विठ्ठलरावांनी ज्याला जितके झेपेल तितकेच कर्ज, ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी खर्च, आणि पीक निघताच परतफेड, अशी शिस्त लावली. लग्नकार्यासाठी नव्हे तर बी-बियाण्यासाठी, बैलासाठी, पेंडीसाठी कर्ज काढावे, ही सवय त्यांनी गावाला लावली. पुढे एवढा मोठा कारखाना उभा राहिला, त्याचा पाया त्या लहानशा पतपेढीच्या वह्यांत होता, असे आम्हांस वाटते. कारण तेथे शेतकरी प्रथमच शेजाऱ्याच्या शब्दावर पैशाचा व्यवहार करण्यास शिकला.

दुसरे दुखणे पाण्याचे. पण त्यावर उपाय आला तो आपल्याबरोबर नवी दुखणी घेऊन आला. प्रवरा नदीवर भंडारदरा येथे 1910 साली सुरू झालेले धरण 1926 साली पुरे झाले आणि पाटाचे पाणी कोरडवाहू शिवारात खेळू लागले. पाट येताच सारे सुखी झाले असतील, असे आपल्याला दुरून वाटते. प्रत्यक्षात पाटपाणी घेणे म्हणजे पाणीपट्टी भरणे, जमीन सपाट करणे, बांध घालणे, पेंड व खत विकत आणणे, मजूर लावणे आणि दीड वर्ष उसाची वाट पाहणे. बाजरी पेरून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याजवळ एवढे भांडवल कोठून असणार? परिणाम असा झाला की पाण्याचा लाभ प्रथम ज्यांनी उठविला त्यांत बाहेरून आलेले पुष्कळ होते. सासवडकडच्या कष्टाळू माळी बागायतदारांनी पाटाखालच्या जमिनी खंडाने घेऊन उसाचे मळे फुलविले. खासगी साखर कंपन्यांनीही शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. जमिनीचा मालक स्वतःच्याच शेतात रोजाने कामास जाऊ लागला.

या खंडाच्या जमिनींची कथा येथेच पुरी सांगितली पाहिजे, कारण विठ्ठलराव कोणत्या संकटातून आपल्या लोकांना वाचवू पाहत होते, ते तीवरून स्पष्ट होते. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडील जमिनी सरकारने घेतल्या आणि त्या 1963 साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. मूळच्या खंडकरी शेतकऱ्यांना आपल्या जमिनी परत मिळविण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. जमीन परत देण्यास प्रारंभ झाला तो 2012 साली. ज्यांनी खंडावर अंगठे केले होते त्यांची नातवंडे-पतवंडे तोवर कर्ती झाली होती. अडचणीच्या वर्षी घेतलेला चार पैशांचा आधार तीन पिढ्यांना केवढा महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

तिसरे दुखणे भावाचे. पाटाखाली ऊस लावणारा लहान शेतकरी गुऱ्हाळ घालून गूळ करी. चुलवाणावर काहिलीत रस आटवून ढेपा पाडावयाच्या, त्या अडत्याकडे न्यावयाच्या, आणि अडत, तूट, हमाली, घेतलेली उचल आणि तिचे व्याज वजा जाता जे उरेल ते पदरात घेऊन परत यावयाचे. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव असे कोसळले की चांगल्या पिकाचे वर्षही कर्जाचे वर्ष ठरू लागले. त्याच वेळी 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशातल्या साखर कारखान्यांना बरकत आली. तीस-बत्तिसाच्या घरात असलेली त्यांची संख्या चारपाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली. एकाच उसापासून साखर करणारा श्रीमंत होत होता आणि गूळ करणारा बुडत होता. हा विरोध विठ्ठलराव रोज डोळ्यांनी पाहत होते. कारण बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना त्यांच्या गावापासून फार दूर नव्हता.

मग ऊस कारखान्याला का घालू नये? येथे उसाच्या पिकाची एक खोड लक्षात घेतली पाहिजे. ज्वारीचे कणगे भरून ठेवता येते. कापूसही भाव येईतो घरात राहतो. ऊस तोडला की त्याचे वजन व त्यातली साखर दर दिवशी घटू लागते. तोडलेला ऊस एकदोन दिवसांत चरकात गेला नाही तर नुकसान शेतकऱ्याचे. फडात उभा ठेवावा तर पाणी भरावे लागते, आणि वेळ टळली की तुरे येऊन उतारा घसरतो. जवळपास कारखाना एकच असेल तर तो देईल तो भाव घेण्यावाचून शेतकऱ्यास गत्यंतर नसते. उलट कारखानदारासही नुसत्या यंत्रांचा उपयोग नाही. हंगामभर दररोज ठराविक ऊस वेळेवर आला तरच त्याचे बॉयलर पेटते राहतात. म्हणजे गरज दोघांचीही सारखीच, पण सौद्यात जोर मात्र एकाच बाजूला. हा तिढा सोडविण्याचा एकच मार्ग होता. ऊस पिकविणारा आणि ऊस गाळणारा हे दोन पक्षच उरू नयेत. कारखाना ऊसवाल्यांचाच असावा.

ही कल्पना सुचलेले विठ्ठलराव हे देशातले पहिले गृहस्थ नव्हेत. आंध्रात एटिकोप्पाका येथे शेतकऱ्यांचा एक लहानसा सहकारी कारखाना 1933 सालीच निघाला होता. परंतु असे प्रयत्न लहान होते, विखुरलेले होते, आणि मोठ्या यंत्रसामग्रीचा कारखाना शेतकऱ्यांनी चालवावा यावर सरकारी अधिकाऱ्यांचा किंवा बँकांचा विश्वास नव्हता. विठ्ठलरावांचे मोठेपण कल्पनेत नसून ती कल्पना माणसांच्या गळी उतरविण्यात आणि त्यासाठी योग्य माणूस शोधण्यात आहे.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे 1930 पासूनचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे या मुलखाच्या अर्थव्यवस्थेत काय पालट झाला, याची त्यांच्या संस्थेने पाहणी केली. तिचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. शिवारात पाणी आले, पण त्या पाण्याची कमाई कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न त्यांनाही पडलेला होता. 1945 च्या डिसेंबरात बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःचे साखर कारखाने काढावेत, हा विचार तेथे ठामपणे पुढे आला. आणि परिषदा संपल्यावर ठरावांचे जे होते ते या ठरावाचे होऊ न देण्याचा पण जणू विठ्ठलरावांनी केला.

पुढली पाच वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत खडतर म्हटली पाहिजेत. गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करणे हे काम त्यांनी सहकाऱ्यांसह अंगावर घेतले. ज्या शेतकऱ्यावर आधीच कर्ज आहे, त्याने न पाहिलेल्या कारखान्यासाठी रोख पैसे काढून द्यावयाचे होते. लोकांनी शंका काढल्या. पैसे बुडतील, पुढारी खातील, शिकलेल्यांना जे जमत नाही ते आपल्याला कसे जमणार, असे म्हणणारे गावोगाव भेटले. घरोघरी जाऊन, बांधावर बसून, एकेका माणसाची समजूत घालीत त्यांनी भाग जमविले. काही घरांतील बायकांनी अंगावरचे दागिनेही यासाठी दिले, असे त्या भागातले जुने लोक सांगत आले आहेत. आपल्यालाही मंडळाची वर्गणी गोळा करताना किती दारे पुजावी लागतात, याचा अनुभव आहे. येथे तर वर्षाची वर्गणी नव्हे, घरातली साठवलेली पुंजी मागावयाची होती.

तिकडे मुंबईत वैकुंठलाल मेहता हे त्या वेळी प्रांताचे अर्थमंत्री होते. सहकारी बँकिंगमध्ये ज्यांचे सारे आयुष्य गेले, अशा या गुजराती गृहस्थांनी नगरच्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे हा एक मोठा योग होता. 1948 साली स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. महायुद्धानंतरच्या टंचाईत यंत्रसामग्री, सिमेंट, लोखंड मिळविण्याचे सायास झाले. लोणीजवळच्या माळावर बांधकाम उभे राहिले आणि त्या वस्तीला प्रवरानगर हे नाव मिळाले. 1950-51 च्या हंगामात रोजी सुमारे पाचशे टन ऊस गाळणारा हा कारखाना सुरू झाला. गव्हाणीत पहिली मोळी पडली तेव्हा ती टाकणारे हात आणि कारखान्याचे मालक एकच होते.

कारखान्याच्या अध्यक्षपदी गाडगीळ बसले. विठ्ठलराव सर्वांचे पुढारी असूनही त्यांनी स्वतःसाठी ती जागा धरली नाही. यातला शहाणपणा ध्यानी घेण्यासारखा आहे. गाडगिळांचा एक गुंठाही ऊस नव्हता. कोणाचा ऊस आधी तोडावा, कोणाचा नंतर, यात त्यांचा स्वार्थ असण्याचे कारण नव्हते. कोणत्याही गावकीत जो कलह पहिल्या वर्षी पेट घेतो, तो यामुळे टळला. अर्थशास्त्रज्ञाने हिशेब व धोरण पाहावे, शेतकऱ्याने शेतकऱ्यांना एकत्र ठेवावे, तंत्रज्ञाने यंत्रे चालवावी, अशी ही विभागणी होती. पुढे गाडगीळ त्या जबाबदारीतून मोकळे झाले, तोवर घडी नीट बसली होती. ते 1967 साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा प्रवराकाठी मिळविलेला अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

कारखाना चालला कसा, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण नफ्याचा खरा उगम तेथे आहे. भाग लहान असो वा मोठा, सभासदाला मत एकच. हंगामाच्या आरंभी लागणींची नोंद होई आणि कोणाचा फड कधी तोडावयाचा ते त्या नोंदीवरून ठरे. ऊस घातल्यावर पहिली उचल मिळे. साखर विकली गेली, खर्च व कर्जाचे हप्ते वजा झाले, की उरलेली रक्कम अंतिम भावाच्या रूपाने ज्याच्या त्याच्या उसाच्या वजनाप्रमाणे वाटली जाई. म्हणजे कारखान्याचा उतारा वाढला, वाफ वाचली, चोरी थांबली, तर त्याचा पैसा थेट उसाच्या भावात दिसे. म्हणून सभासद वजनकाट्याकडे आणि ताळेबंदाकडे डोळे लावून असत. उसाच्या रकमेतून दर टनामागे काही भाग ठेव म्हणून कापून घेण्याची प्रथा पडली. ती हातात न येता कारखान्याच्या वाढीस लागे आणि सावकाराकडे न जाता भांडवल जमे. चांगल्या वर्षी सारे वाटून न टाकता वाईट वर्षासाठी काही राखावे, ही शिकवण शेतकऱ्याला उपदेशाने नव्हे, बिलातल्या कपातीने मिळाली.

उसाचे काहीच वाया जात नाही, हेही तेथे कळले. चिपाड बॉयलरात जाळून वाफ होते, गाळाचे खत शेतात जाते, मळीपासून मद्यार्क निघतो. कारखान्याने सुधारलेले बेणे पुरविले, खते आणून दिली, पीककर्जाची व्यवस्था पतपेढ्यांमार्फत लावली आणि कर्जाची वसुली उसाच्या बिलातून केली. पूर्वी कर्ज एकाकडे, पेंड दुसऱ्याकडे, विक्री तिसऱ्याकडे अशी शेतकऱ्याची ओढाताण होई आणि तिन्ही ठिकाणी तो नागवला जाई. आता कर्ज, साहित्य, प्रक्रिया आणि विक्री ही साखळी त्याच्याच संस्थांच्या हाती आली. पाऊस त्याच्या हाती नव्हता, साखरेचा बाजारभावही नव्हता. पण पाऊस आणि बाजार यांच्या मधल्या जागेत जे पूर्वी त्याला लुबाडीत होते, ती सारी जागा त्याने स्वतः व्यापली. बदलत्या काळात शेतीचा धंदा टिकवावयाचा तर हीच ती जागा, हे विठ्ठलरावांनी ओळखले होते.

या यशाचे मोल कळण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल 1954 साली प्रसिद्ध झाला. 1951-52 साली देशातल्या शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास होता, असे त्यात दिसून आले. पन्नास वर्षे कायदा असून हा परिणाम! सहकार फसला, असेच त्या आकड्यावरून कोणीही म्हटले असते. परंतु त्याच वेळी नगर जिल्ह्यातल्या एका माळावर, आणि 1946 साली नोंदल्या गेलेल्या गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या दूध संघात, शेतकऱ्यांनी वेगळाच निकाल लावून दाखविला होता. नुसते कर्ज देऊन शेतकरी तरत नाही, त्याच्या मालावरील प्रक्रिया व विक्री त्याच्या हाती आली तर तो कर्जही फेडतो, असा तो निकाल होता. गुजरातेत राहणाऱ्या आपल्या बांधवांना हे निराळे सांगावयास नको.

प्रवरेचे पाहून कोपरगाव, राहुरी, सांगली, वारणा, पंचगंगा अशी कारखान्यांची माळ महाराष्ट्रभर गुंफली गेली. 1961 साली पंडित नेहरू प्रवरानगरला आले आणि त्याच वर्षी भारत सरकारने विठ्ठलरावांना पद्मश्री दिली. चौथी शिकलेल्या या माणसाने शिक्षणाची उणीव मनात बाळगली होती. 1964 साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. 1972 साली वैद्यकीय न्यास स्थापन झाला. खेड्यातल्या मुलाला चांगल्या शाळेसाठी आणि खेड्यातल्या रोग्याला चांगल्या दवाखान्यासाठी शहराची वाट धरावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्यापैकी पुष्कळजण ज्या दोन कारणांसाठी गावी परतू शकले नाहीत, नेमकी तीच दोन कारणे त्यांनी हेरली होती.

चरित्र लिहिताना नुसते गुणगान करणे हे थोरांच्या स्मृतीलाही शोभणारे नाही. उसाला पाणी फार लागते. पाऊसछायेच्या मुलखात पाटाचे पाणी उसाने ओढून घेतले आणि शेजारच्या कोरडवाहू शिवाराला ते दुरापास्त झाले, ही तक्रार खरी आहे. काही ठिकाणी अतिपाण्याने जमिनी खारवटल्या. मालक झालेल्या शेतकऱ्याचा ऊस तोडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून जी कुटुंबे दर हंगामात येतात, त्यांच्या पदरात या समृद्धीचा फार थोडा वाटा पडला. त्यांची मुले फडातल्या कोपीत वाढली आणि शाळेला मुकली. पुढे पुढे अनेक ठिकाणी कारखान्याची निवडणूक ही आमदारकीची पहिली पायरी झाली, हिशेबापेक्षा गटबाजीला महत्त्व आले, कारखाने कर्जात बुडाले आणि काही विकलेही गेले. 2022-23 च्या हंगामात राज्यात चाललेल्या कारखान्यांत सहकारी व खासगी यांची संख्या जवळजवळ समसमान होती. म्हणजे ज्या तिढ्यातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी विठ्ठलरावांनी उन्हातान्हात गावे पालथी घातली, तो तिढा पुष्कळ ठिकाणी पुन्हा त्याच्यापुढे उभा आहे.

यावरून सहकाराची कल्पनाच चुकीची होती असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे वजनकाटा खरा राहिला, सर्वसाधारण सभेत सभासद हिशेब विचारीत राहिले, आणि चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षासाठी राखली गेली, तेथे संस्था टिकल्या. जेथे या तीन गोष्टी सुटल्या, तेथे मोठी यंत्रे आणि मोठी कर्जेही त्यांना वाचवू शकली नाहीत. लोणीच्या 1923 च्या पतपेढीतही याच गोष्टी होत्या. आज पाऊसमान अधिकच बेभरवशाचे झाले आहे, जमिनीचे तुकडे अधिकच लहान झाले आहेत. गावाकडचे तरुण आता उसाऐवजी द्राक्षे, डाळिंबे, कांदा, दूध यांच्या कंपन्या आणि संघ काढीत आहेत. पीक बदलले आहे, प्रश्न तोच आहे. मालाला भाव ठरतो त्या जागी शेतकरी बसलेला असणार की हात जोडून उभा असणार?

27 एप्रिल 1980 रोजी विठ्ठलराव निवर्तले. महाराष्ट्रात त्यांच्या स्मरणार्थ नारळी पौर्णिमेचा दिवस शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कोळी बांधव त्या दिवशी समुद्राला नारळ अर्पण करून होड्या लोटतात. त्याच दिवशी समुद्रापासून दूर असलेल्या कोरड्या मुलखातील एका शेतकऱ्याचेही स्मरण व्हावे, हा योग आम्हांस सुंदर वाटतो.

आपले मंडळही पन्नास वर्षांपूर्वी अशाच थोड्या माणसांच्या वर्गणीवर आणि एकमेकांच्या शब्दावर उभे राहिले. परमुलखात एकट्याने निभत नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी ओळखले. स्वतःच्या मुलखात राहूनही एकट्या शेतकऱ्याचे निभत नाही, हे विठ्ठलरावांनी ओळखले. पुढच्या सुटीत गाडी बेलापूरजवळून जाईल आणि मुले पुन्हा तो वास कसला म्हणून विचारतील. त्या वेळी त्यांना ही हकीकत सांगावी. आणि गावी पोहोचल्यावर, भावाच्या किंवा पुतण्याच्या हाती असलेल्या आपल्या शेताचा माल कोण घेतो, कोणत्या भावाने घेतो आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, एवढी चौकशी अवश्य करावी. विठ्ठलरावांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत आम्हांस सुचत नाही.